मराठीचं स्पेलिंग: ई, जे, के, बी, एच

एरवी मी इथे ताज्या बातम्या घेऊन येतो. कुणी नवं एआय मॉडेल आणलं, कुठल्या दुर्बिणीला काय दिसलं, कुठलं ॲप फोनमधून काढून टाकावं, असलं काहीतरी. आज जरा जुनी गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी तुम्हाला एक काम.

तुमच्या मंडळाची १९९५ ते २००५ च्या सुमाराची एखादी स्मरणिका किंवा दिवाळी अंक कुणाकडे तरी सीडीवर असेल. छापील प्रत नव्हे, कॉम्प्युटरवरची मूळ फाइल. ती आजच्या लॅपटॉपवर उघडा. उघडेल, पण बहुतेक वेळा आत मराठी नसेल. जिथे ‘मराठी’ हा शब्द असायला हवा तिथे इंग्रजी अक्षरं दिसतील: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. सगळी पानं अशीच. मध्येच पूर्णविराम, तिरक्या रेघा, स्वल्पविराम. एखाद्या लहान मुलानं की-बोर्डवर हात आपटावा तसं.

फाइल बिघडलेली नाही, व्हायरसही नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यानं ती टाइप केली त्यानं खरोखरच ई, जे, के, बी, एच हीच अक्षरं साठवली होती. आपण त्याला मराठी समजत होतो, कॉम्प्युटर कधीच समजत नव्हता. असं का झालं, आणि त्या फायली अजून वाचवता येतात का, हा आजचा विषय.

सुरुवात अमेरिकेत होते. १९६३ साली इथे ॲस्की नावाचं एक मानक ठरलं. प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यायचा, म्हणजे एका यंत्रानं पाठवलेलं दुसऱ्याला कळेल. कॅपिटल ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. एकूण जागा १२८. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरला द्यायच्या काही आज्ञा एवढंच बसलं. ब्रिटिशांच्या पौंडाच्या खुणेलाही जागा मिळाली नाही, तिथे आपल्या ‘ळ’ची काय कथा. पण त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे त्यांचं काम होतं, ते त्यांनी चांगलं केलं.

देवनागरीची अडचण वेगळी होती, आणि ती छापखान्यांना शंभर वर्षं आधीपासून माहीत होती. इंग्रजीत छोटी-मोठी मिळून बावन्न अक्षरं. आपल्याकडे मूळ वर्ण जेमतेम पन्नास, पण काना-मात्रा, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरली की शिशाचे शेकडो खिळे लागत. कंपोझिटरपुढची खणांची मांडणी भिंतभर असे. केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यावर लोकमान्य टिळकांनीही बराच खटाटोप केला होता. पुढे टाइपरायटर आला तेव्हा एवढे आकार मोजक्या कळांवर बसवायचे होते, म्हणून अक्षरांचे तुकडे केले. ‘ण’ची स्वतंत्र कळ नको: अर्धा ‘ण्’ आणि पुढे काना. ‘ध’ म्हणजे अर्धा ‘ध्’ आणि पुढे काना. ही तुकड्यांची युक्ती लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

कॉम्प्युटरच्या बाबतीत पहिला खरा शहाणपणा आयआयटी कानपूरमध्ये झाला. तिथे प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याकडे देवनागरीवर काम चालू होतं, आणि १९८३ साली दिल्लीत तिसरं विश्व हिंदी संमेलन भरलं तेव्हा त्यांनी देवनागरीत चालणारा संगणक लोकांपुढे मांडला. या कामात मोहन तांबे होते. पुढे पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. हे सी-डॅक म्हणजे आपल्याला परम सुपरकॉम्प्युटरसाठी माहीत असलेलं, डॉ. विजय भटकरांचं. तांबे तिथे आले आणि ‘जिस्ट’ नावाचं भारतीय लिप्यांचं तंत्र तिथे वाढलं. परमचं कौतुक वर्तमानपत्रांनी भरपूर केलं. माझं मत विचाराल तर त्या इमारतीतलं जास्त टिकाऊ काम जिस्टचं होतं.

त्यातली मूळ कल्पना कागदावर चार ओळींची आहे. कॉम्प्युटरनं अक्षराचा आकार साठवायचा नाही, वर्ण साठवायचा. ‘क्षितिज’ घ्या. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं: क्षि, ति, ज. साठवायचे मात्र सात घटक: क, हलन्ताची खूण, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा ऱ्हस्व वेलांटी, ज. म्हणजे आपण बोलताना ज्या क्रमानं उच्चारतो त्याच क्रमानं. वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते, पण उच्चारात ती नंतर येते, म्हणून साठवणीतही नंतरच. क आणि ष यांचा मिळून ‘क्ष’ कसा काढायचा, वेलांटी उचलून पुढे कशी न्यायची, हे सगळं पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रामचं काम. साठवणीशी त्याचा संबंध नाही.

पाणिनीच्या देशातल्या माणसाला हे सुचायलाच हवं होतं असं कुणी म्हणेल. पण त्या काळात जगभर बहुतेक लोक ‘एक आकार, एक नंबर’ असाच विचार करत होते. त्यापासून हटून वर्ण आणि आकार वेगळे करायला डोकं लागतं.

याच विचारातून ‘इस्की’ हे भारतीय मानक आलं. पहिलं १९८८ चं, मग भारतीय मानक ब्युरोनं सुधारून १९९१ साली जाहीर केलेलं. त्यातली एक गंमत मला फार आवडते. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच नंबर. ‘क’चा नंबर मराठीत जो, तोच बंगालीत, तोच गुजरातीत, तोच तेलुगूत. एक खूण बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसायचा. मुंबईतल्या शहांचं नाव एकदा टाइप करा, गुजरातीत वेगळं टाइप करायला नको. त्याच्या जोडीला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि हाही सर्व लिप्यांना सारखाच. आजही तुमच्या विंडोजमध्ये मराठी की-बोर्ड चालू केला तर तोच येतो.

मग हे घरोघरी का पोहोचलं नाही? जिस्ट हे कॉम्प्युटरच्या आत बसवायचं एक कार्ड होतं. ते घातलं की डॉसवरचे प्रोग्राम, डीबेस आणि लोटससुद्धा, मराठी दाखवायचे. सरकारी कचेऱ्यांना ते जमलं. पण गल्लीतल्या डीटीपीवाल्याला कार्ड नको होतं. तोवर विंडोज आलं होतं, पेजमेकर आला होता, आणि लग्नपत्रिका उद्या सकाळी द्यायची होती. विंडोजला इस्की समजत नव्हतं आणि अमेरिकेतल्या कंपन्यांना ते समजावून घ्यायची घाई नव्हती. एमबीएच्या वर्गात आम्हाला अशा गोष्टी केस स्टडी म्हणून शिकवत: उत्तम वस्तू, पण ज्या दुकानात गिऱ्हाईक उभं आहे तिथे ती मांडलेलीच नाही.

त्या दुकानात फॉन्टवाले आले. त्यांची युक्ती साधी होती आणि त्या दिवसापुरती झकास होती. विंडोजला इंग्रजी फॉन्ट समजतो ना? मग इंग्रजी फॉन्टच बनवायचा, फक्त त्यात ‘ई’ या अक्षराच्या जागी चित्र काढायचं ‘म’चं. ‘जे’च्या जागी ‘र’चं, ‘के’च्या जागी कान्याचं, कॅपिटल ‘बी’च्या जागी ‘ठ’चं, ‘एच’च्या जागी दीर्घ वेलांटीचं. कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी चाललंय, माणसाला दिसतं मराठी. मी सांगितलेली ही मांडणी कृतिदेव नावाच्या फॉन्टची आहे, आणि ती जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवरून घेतलेली. म्हणजे शिशाच्या खिळ्यांच्या अडचणीतून निघालेले तुकडे, टाइपरायटरच्या मार्गानं, थेट कॉम्प्युटरच्या मेमरीत जाऊन बसले. ‘किरण’ हा शब्द कृतिदेवमध्ये असा साठवला जातो: एफ, डी, जे, पूर्णविराम, के. सुरुवातीचा एफ म्हणजे वेलांटी, कारण टाइपरायटरवर ती आधी मारावी लागे. आणि शेवटचा ‘ण’ म्हणजे पूर्णविरामाच्या जागी अर्धा ण् आणि मग काना.

आता याचे परिणाम बघा. मंडळाच्या सभासदांची यादी अशा फॉन्टमध्ये केली आणि कॉम्प्युटरला म्हटलं नावं क्रमानं लाव. दिनेश, किरण, मिलिंद, विनायक सगळे एकत्र येऊन बसतात, कारण कॉम्प्युटरच्या मते सगळ्यांची नावं ‘एफ’वरून सुरू होतात. मनोहर आणि मिलिंद यांची ताटातूट. दुसरं म्हणजे वर्डला वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करायची खोड. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे म, आणि कॅपिटल ई म्हणजे अर्धा म्. ‘मराठी’नं वाक्य सुरू केलं की त्याचा म अर्धा व्हायचा आणि टाइप करणारा चरफडायचा. ही दुरुस्ती कुठे बंद करायची हे तेव्हाच्या प्रत्येक डीटीपीवाल्याला तोंडपाठ होतं.

बरं, सगळ्यांनी एकच मांडणी वापरली असती तरी निभावलं असतं. पण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वेगळी, सी-डॅकचे स्वतःचे फॉन्ट वेगळे, शिवाजी वेगळा, शुषा वेगळा. एकीतला मजकूर दुसरीत नेला की पुन्हा कचरा. यात धंद्याचं गणित होतं: एकदा तुमची दहा वर्षांची कागदपत्रं माझ्या फॉन्टमध्ये अडकली की तुम्ही माझं गिऱ्हाईक. तरी मी फॉन्टवाल्यांना खलनायक म्हणणार नाही. नव्वदच्या दशकात मराठीत जे काही कॉम्प्युटरवरून छापलं गेलं त्यातलं बहुतेक त्यांच्यामुळे छापलं गेलं, आणि त्यांची अक्षरं देखणी होती. कागदावर छापायचं एवढाच हेतू असेल तर आत ई साठवलंय की म, कुणाला पडलंय?

पडलं ते इंटरनेट आल्यावर. इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल: मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, दुसऱ्या वर्तमानपत्रासाठी दुसरा. ऑफिसच्या मशीनवर फॉन्ट टाकायची परवानगी नसे, म्हणून मराठी बातम्या घरी गेल्यावर. मग पानाबरोबर फॉन्ट आपोआप येईल अशी सोय निघाली, तर त्यातही मायक्रोसॉफ्टची एक पद्धत आणि नेटस्केपची दुसरी. एका ब्राउझरवर लता मंगेशकरांची मुलाखत वाचता यायची, दुसऱ्यावर तीच मुलाखत म्हणजे तिरक्या रेघा. आणि कुठल्याही सर्च इंजिनला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ते बिघडलेलं इंग्रजी.

याच काळात परदेशातल्या काही लोकांनी उलटा रस्ता धरला, आणि तो मला आज फार मोलाचा वाटतो. अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ नावाचा प्रोग्राम केला. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेक या छपाईच्या प्रणालीसाठी असंच काही केलं होतं. युक्ती अशी की मराठी किंवा संस्कृत सरळ रोमन लिपीत लिहायचं, पण कडक नियमानं: लहान ‘टी’ म्हणजे त, कॅपिटल ‘टी’ म्हणजे ट, लहान ‘एन’ म्हणजे न, कॅपिटल ‘एन’ म्हणजे ण. पडद्यावर दिसायला भयंकर. शब्दाच्या पोटात मध्येच कॅपिटल अक्षरं उभी. सौंदर्यदृष्टी असलेल्या कुणीही नाक मुरडावं असं. पण त्यात आकार नव्हता, वर्ण होता, उच्चाराच्या क्रमानं. त्यामुळे आयट्रान्समध्ये टाइप केलेली स्तोत्रं आणि गाणी पुढे एका फटक्यात, अक्षर न गमावता, शुद्ध देवनागरीत आली. संस्कृत डॉक्युमेंट्स या संकेतस्थळावरचा केवढा तरी साठा असा टिकला. देखण्या फॉन्टमध्ये सजवलेले आमचे अंक मात्र सीडीवर पडून राहिले.

आता युनिकोड. १९८८ साली झेरॉक्स कंपनीतल्या जो बेकर यांनी एक मसुदा लिहिला: जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी नंबरांची एकच यादी. ॲपलचे मार्क डेव्हिस आणि ली कॉलिन्स त्यांच्याबरोबर होते. १९९१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात युनिकोड कन्सोर्टियम स्थापन झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात देवनागरी होती. ती त्यांनी नव्यानं रचली नाही. इस्कीची १९८८ ची मांडणी जवळपास जशीच्या तशी उचलली. वर्ण वेगळा, आकार वेगळा, वेलांटी व्यंजनानंतर, जोडाक्षर हलन्तानं. कानपूर आणि पुण्यात ठरलेली गोष्ट अशी माउंटन व्ह्यूच्या रस्त्यानं जगभर गेली आणि शेवटी तुमच्या फोनमध्ये आली. ‘मराठी’चं आजचं स्पेलिंग आहे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. हे नंबर दुबईत, लंडनमध्ये, डोंबिवलीत एकच आहेत. इस्कीतली ‘सगळ्या लिप्यांना एकच नंबर’ ही गंमत मात्र गेली, प्रत्येक लिपीला १२८ जागांची स्वतंत्र पट्टी मिळाली. तरी खूण राहिली आहे: आपला ‘क’ २३२५, बंगालीतला ‘क’ २४५३. बरोबर १२८ चा फरक. लिप्या शेजारी राहायला गेल्या, पण घराचा आतला नकाशा तोच.

नंबर ठरले, पण ते तारेवरून पाठवायचे कसे हा प्रश्न होता. त्याचं उत्तर आमच्या न्यू जर्सीतल्या श्रोत्यांच्या अंगणातलं आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये बेल लॅब्जचे केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवायला बसले होते. तिथे ताटाखाली घालायच्या कागदावर थॉम्पसननी एक पद्धत मांडली, तिला आपण यूटीएफ-८ म्हणतो. जुनं इंग्रजी जसंच्या तसं राहतं, एका अक्षराला एक बाइट. बाकीच्यांना जास्त. देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन. म्हणजे आपलं ‘क्षितिज’ झालं सात घटकांचं, एकवीस बाइटचं. ‘कुलकर्णी’ चोवीस बाइट. माझ्या पोटापाण्याच्या कामात आजही असे डेटाबेस भेटतात ज्यात आडनावाचा रकाना वीस बाइटचा असतो. कुणा बिचाऱ्या कुलकर्ण्यांचं शेवटचं अक्षर तिथे सांडतं. एसएमएसचंही तसंच: इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठी लिहायला घेतलं की ७०, आणि त्यात वेलांट्या-मात्रा वेगळ्या मोजतात. आपल्या लोकांना रोमन मराठीची सवय लागली त्यात आळसाचा वाटा आहेच, पण या हिशोबाचाही आहे.

१९९१ ला नंबर मिळूनही मराठी घरच्या कॉम्प्युटरवर नीट दिसायला नऊ वर्षं लागली. विंडोज २००० मध्ये देवनागरी पहिल्यांदा आली, मंगल या फॉन्टसह. मंगल काढणारे प्रा. र. कृ. जोशी हे आपले मराठी कवी आणि सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले. २००८ साली त्यांचं निधन झालं ते इथेच, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. मंगलमधला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा आहे म्हणून मराठी माणसं कुरकुरतात, आणि ते बरोबर आहे, मलाही तो ‘ल’ परका वाटतो. पण अक्षराचा आकार हा आता फॉन्टचा प्रश्न आहे. फॉन्ट बदला, मजकूर तोच राहील. जुन्या काळात फॉन्ट बदलला की मजकूर मरायचा.

विंडोज एक्सपीवर ही सोय मुळात बंद असे आणि ती चालू करायला कंपनीची सीडी लागे. ती कुणाकडेच नसायची. मग वेलांट्या सुट्या, जोडाक्षरं तुटलेली. बऱ्याच संपादकांनी तेव्हा ‘युनिकोडमध्ये मराठी तुटतं’ असं ठरवून टाकलं आणि जुन्या फॉन्टला आणखी काही वर्षं आयुष्य मिळालं. पेजमेकरनं तर युनिकोड कधीच शिकलं नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळायला २०१२ उजाडलं. तोवर १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला होता, पण मंडळांचे अंक पेजमेकरमध्येच बनत होते.

मराठीच्या खास गरजांचं काय? इथे कथा जरा बारीक होते, पण मला ती सांगायचीच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला एका रफारावर भागतं, मराठीला भागत नाही, आपल्याला तो आडवा पापणीसारखा ‘ऱ्’ वेगळा लागतो. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना श्रीखंडाची ऑर्डर द्यायची. हा फरक इस्कीत धरला होता, आणि तिथून युनिकोडच्या नियमांत आला: टिंब असलेला ‘ऱ’, नंबर २३५३, त्याला हलन्त दिला की पापणी. इंग्रजीत त्याचं नावच ‘आयलॅश रा’ आहे, आणि नियमात लिहिलंय की ही मराठीत आणि नेवारीत वापरतात. ‘ॲप’मधला ‘ॲ’ मात्र राहून गेला होता. त्याला स्वतःचा नंबर, २४१८, मिळाला थेट २००८ साली. त्याआधी अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवायचा. म्हणूनच आजही ‘ॲ’ दोन प्रकारे साठवलेला सापडतो. डोळ्यांना एकच दिसतो, पण शोधताना कॉम्प्युटर कधीकधी चकतो.

आता परत तुमच्या सीडीकडे. त्या फायलींत काय आहे ते आठवा. मंडळाच्या पहिल्या गणपतीच्या आठवणी, ज्यांनी त्या लिहिल्या ते आज ऐंशीच्या पुढे आहेत किंवा नाहीत. हॉलच्या भाड्यावरून झालेली भांडणं, नाटकातल्या कलाकारांची नावं, श्रद्धांजलीची पानं. भारतात गेलेल्या-आलेल्यांचा इतिहास कुठल्या ना कुठल्या संग्रहालयात असतो. आपला त्या स्मरणिकांत आहे आणि जवळपास तिथेच आहे. उद्या तुमच्या नातीनं आजोबांचं नाव गूगलमध्ये टाकलं तर ही पानं येणार नाहीत. आणि एआयच्या एवढ्या गप्पा चालतात, त्या यंत्रांनी मराठी जी काही शिकली ती युनिकोडमधल्या मजकुरावरून. ई-जे-के-बी-एच मध्ये बंद असलेली मराठी त्यांनी ऐकलेलीच नाही. पीडीएफ केलेली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसते सुंदर, पण त्यातली एक ओळ कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवून बघा, तोच कचरा निघेल.

चांगली बातमी अशी की यातलं बहुतेक परत आणता येतं. हे गुपित लिपीसारखं नाही, हे ठरलेलं कोष्टक आहे. कृतिदेवचा ई नेहमीच म असतो. प्रमुख फॉन्टसाठी युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम मोफत मिळतात. फक्त ते कोणत्या फॉन्टचं आहे हे कळायला हवं. म्हणून पहिलं काम फॉन्टचं नाव शोधणं. फाइल वर्डमध्ये उघडून मजकूर निवडला की वर नाव दिसतं. नसेल दिसत तर ज्यानं तेव्हा डीटीपी केलं त्याला फोन करा. तो अजून पुण्यात किंवा ठाण्यात असेल, आणि त्याला नाव आठवतं, या लोकांना आठवतं. फॉन्टची मूळ फाइल मिळाली तर तीही मजकुराबरोबर जपून ठेवा. छापील प्रत शिल्लक असेल तर स्कॅन करून शेजारी ठेवा, पडताळायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.

मग प्रोग्राम चालवा आणि तो काय करतो ते बघा, मजा येते. अक्षरामागून अक्षर बदलणं सोपं. अवघड भाग दोन. सुरुवातीची वेलांटी उचलून व्यंजनाच्या, किंवा अख्ख्या जोडाक्षराच्या, पलीकडे न्यायची. आणि रफार उलटा आणायचा. ‘धर्म’ लिहिताना टाइपरायटरवर ध, मग म, मग त्याच्या डोक्यावर रफार मारत. उच्चारात र आधी येतो. प्रोग्रामला तो रफार उचलून म च्या मागे न्यावा लागतो, आणि ‘मूर्तींना’सारखा शब्द आला की वेलांटी, अनुस्वार, रफार या सगळ्यांतून वाट काढत. साधे प्रोग्राम इथे अडखळतात.

आणि पापणीच्या ‘ऱ्’शी तर हमखास. यांतले बरेचसे प्रोग्राम हिंदीसाठी लिहिलेले, त्यांना हा प्रकार ठाऊकच नसतो. ते सरसकट रफार देऊन मोकळे होतात. त्यामुळे बदललेला मजकूर तसाच वेबसाइटवर चढवू नका. मंडळातल्या कुणा ज्येष्ठ काका-काकूंना दोन-दोन पानं वाटून द्या, वाचून घ्या. सह्याद्रीच्या सहलीचं वर्णन असेल तर विशेष लक्ष ठेवायला सांगा. तिथे दर पानाला दोन-तीन दर्या सापडतील.